लाटेखालचा डोळा

पुतळाबाईला देव दिसला तो एका पोरीच्या घोट्यावर, मोज्यावर विणलेला. आकुर्डी स्टेशनाहून मोशीला निघालेल्या बसमध्ये ती बायकांच्या बाकावर बसली होती. डॉक्टरनं सकाळीच गुडघ्यात सुई घातली होती, आणि तो पाय दुसऱ्या कुणाचा असावा तसा तिनं पुढं सोडून दिला होता. समोरच्या आडव्या बाकावर कॉलेजातली एक पोर पायावर पाय टाकून, कानात बोंडं घालून बसलेली. बस गचका खायची तसा तिचा वरचा पाय हलायचा आणि पायाबरोबर पांढऱ्या मोज्यावरच्या सात उभ्या रेघा हलायच्या, रेघांखालची पाण्याची लाट हलायची, आणि लाटेखालचा तो उघडा, पापणी नसलेला डोळा पुतळाबाईकडं बघायचा. तिचा उजवा हात आपोआप उचलला गेला. दीड वर्षाची सवय. हा डोळा दिसला की हात कपाळाकडं निघायचा. पण तो हनुवटीपर्यंत आला आणि तिथंच थांबला, कारण देवाच्या खाली चिखलानं भरलेला बूट होता.

"पोरी, पाय खाली घे."

पोरीनं एक बोंड काढलं. "सॉरी आजी. लागला का?"

"लागला न्हाई. ते मोज्यावर काय हाय?"

"हे? गेममधलं आहे." पोरीनं पाय वळवून स्वतःच एकदा बघून घेतलं. "कायलेन लोकांचं चिन्ह. खरे लोक नाहीत हां, गेममधले. सहा गेम आलेत आत्तापर्यंत आणि प्रत्येकात हे कुठं ना कुठं असतंच. कधी दारावर, कधी ढालीवर, एकदा तर एका म्हातारीच्या कपाळावर होतं. त्यांचं शहर पाण्याखाली गेलेलं असतं. हे सात बुरूज तेवढे वर राहिले."

"आणि डोळा?"

"तो खाली राहिलेल्यांचा. ते बोलत नाहीत. नुसते बघतात."

"त्याची पूजा कोन करतं?"

पोरगी हसली. वाईट नाही हसली, आपल्या आजीला हसावं तशी. "पूजा कोण करेल हो. टी-शर्ट मिळतात, किल्ल्यांना अडकवायचे बिल्ले मिळतात. मोजे तर दोनावर एक फ्री होते."

"पायात घालतात व्हय."

"कुठंही घालतात," पोरगी म्हणाली, आणि बोंड पुन्हा कानात घालून निगडीला उतरून गेली. देव उतरला, रस्ता ओलांडला, आणि ज्यूसच्या गाड्यापाशी जाऊन उभा राहिला.

पुतळाबाईच्या कानात दडे बसले. कंडक्टर काहीतरी म्हणत होता, शेजारची बाई पिशवी जरा पलीकडं घ्या म्हणत होती, आणि तिला त्यांची तोंडं तेवढी हलताना दिसत होती. जन्मात तिनं शब्द खाली पडू दिला नव्हता. टॉवर बांधणाऱ्या बिल्डरला, तलाठ्याला, जावांना, व्याह्यांना, ज्याचं त्याला जागच्या जागी देऊन मोकळी झालेली बाई; आणि आता एका शेंबड्या पोरीनं दोनावर एक फ्री म्हटलं आणि हिच्या जिभेला काही सुचलं नाही. मग जरा वेळानं, स्पाइन रोडला लागल्यावर, तिला एक आधार सापडला आणि तो तिनं घट्ट धरला. त्या गेमवाल्यांनीच उचललं असणार. देवांची चित्रं लोक कुठं कुठं छापतात. बिडीच्या बंडलावर छापतात, उदबत्तीच्या पुड्यावर छापतात, पुडा संपला की तो गटारात जातो. कुणीतरी करिष्माच्या गावाकडं गेलं असंल, नदीच्या काठाला साती आसरा, पाण्यातल्या त्या सात देवी, बघितल्या असतील, आणि विकायला काढल्या असतील. चोरांनी देव चोरला म्हणून देव खोटा होत नाही.

करिष्मा तिची नातसून, गणराजची बायको. तिच्या लग्नाचा तिसरा दिवस पुतळाबाईला लख्ख आठवत होता. लग्नात पोरीच्या माहेरानं अन्नपूर्णा दिली नव्हती. गौरीहराच्या पाटावर नुसते तांदूळ आणि सुपारी. लेकीला सासरी लावून देताना माहेरची अन्नपूर्णा ओंजळीत द्यायची असते, एवढंही त्या लातूरकडच्या लोकांना सुचलं नव्हतं. आई मेलेली, मामाकडं वाढलेली पोर, हे पुतळाबाईला माहीत होतं, पण माहीत असलेल्या गोष्टी तोंडावर फेकण्यात तिचा हात कोण धरणार. "पोरगी दिली, देव न्हाई दिला," ती मांडवात म्हणाली होती, पुन्हा सत्यनारायणाला म्हणाली होती, आणि तिसऱ्या दिवशी चार बायका सुनेची पेटी बघायला बसल्या तेव्हा म्हणायच्या तयारीतच होती. तेवढ्यात साडीच्या घडीतून लाल फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी खाली पडलं. तळहाताएवढा धातूचा ठसा, ढालीसारखा, जड. सात उभ्या रेघा, खाली लाट, लाटेखाली डोळा. पुतळाबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला होता. तिच्या माहेरी, चाकणच्या अलीकडं, ओढ्याच्या डोहाला सात दगड होते शेंदूर लावलेले, आणि नहाण आलेल्या पोरींनी तिथं एकटं जायचं नसे, गेलंच तर हिरव्या बांगड्या सोडायच्या. तिनं बोटानं रेघा मोजल्या. सात. "साती आसरा का गं तुमच्याकडच्या?" तिनं विचारलं, आणि करिष्मा नुसती मान खाली घालून म्हणाली, "माझ्या भावानं दिलंय." एवढंच म्हणाली. पुतळाबाईनं ठसा कपाळाला लावला, चार बायकांच्या देखत त्याची ओटी भरली, आणि देव्हाऱ्यात खंडोबाच्या आणि भैरवनाथाच्या चांदीच्या टाकांच्या शेजारी नेऊन उभा केला. चिंच लावून घासला तेव्हा रेघांतला काळा रंग निघून आला आणि खालचं पांढरं लखलखलं. माहेरात इतकी वर्षं कुणी धुतला नव्हता, म्हणून काळवंडलेला, असं तेव्हा तिला वाटलं होतं. आता बसच्या दांड्याला धरलेल्या बोटांना तो रंग पुन्हा लागल्यासारखा वाटला. चांदीचं काळं असं निघत नाही. पापुद्रे धरून निघत नाही. तिला ते तेव्हाच कळलं होतं. कळलं होतं आणि तिनं ते कळू दिलं नव्हतं.

करिष्माचा भाऊ ज्योतीराम एकदा घरी आला होता. चाकणला कुठल्याशा कंपनीत मशीन चालवणारा, हाताला तेलाचा वास, बोलायला मुका. पाणी पिऊन देवाला नमस्कार करायला म्हणून आत गेला आणि देव्हाऱ्यासमोर उभा राहिला तो राहिलाच. हळदी-कुंकवानं माखलेल्या त्या ठशाकडं बघत त्याची मान जी खाली गेली ती वर येईना. माहेरचा देव सासरी मानाला बसलेला बघून भावाचा जीव भरून आला, असं पुतळाबाईनं दुसऱ्या दिवशी बिल्डिंगभर सांगितलं होतं. आता तिला त्या मानेत हसू दिसायला लागलं. दाबून धरलेलं, खांद्यातून हलणारं हसू. बहीण-भाऊ दोघं. जिन्यात जाऊन पोट धरून हसले असतील. म्हातारी आमचं खेळणं पुजते, दुधानं धुते, शुक्रवारी त्याच्यापुढं हिरव्या बांगड्या ठेवते. दीड वर्ष.

पण हसण्यानं माणूस मरत नाही, हे तिला कळत होतं. हसण्यापेक्षा मोठं काहीतरी होतं, आणि बस मोशीच्या चौकाकडं वळेपर्यंत ती त्याच्याकडं बघायचं टाळत होती. ती त्या ठशाशी बोलत होती. घरच्या देवांशी तिचा चौदा वर्षांचा अबोला होता. लेक विलास गेला तेव्हापासून ती खंडोबाला धुवायची, पुसायची, भंडारा लावायची, आणि शब्द बोलायची नाही. सुनेशी भांडण असलेल्या सासूनं ताट वाढावं तशी पूजा. पण हा देव परका होता. याला मोशी माहीत नव्हती, विलास माहीत नव्हता, पुतळाबाई कशी आहे हे माहीत नव्हतं. यष्टीत शेजारी बसलेल्या बाईला घरचं सगळं सांगता येतं, कारण ती पुढच्या गावाला उतरून जाणार असते. तसं ती याला सांगायला लागली. आधी गुडघ्याचं, मग गणराजच्या नोकरीचं. मग एका सकाळी, लाटेखालचा डोळा पुसता पुसता, तिच्या तोंडून ते निघून गेलं, आणि एकदा निघाल्यावर रोज निघायला लागलं.

विलास तिचा थोरला लेक, गणराजचा बाप. त्या दिवशी त्याच्या अंगात ताप होता आणि त्याला दुसऱ्या शिफ्टला जायचं नव्हतं. अंगणात पुतळाबाई बाजरी पाखडत होती. तो ओट्यावर घोंगडी घेऊन बसला आणि म्हणाला, आज जात नाही. एवढीच गोष्ट. आणि तिच्या जिभेवर नेहमी तयार असायचं तसं एक वाक्य तयार होतं, ते तिनं सोडलं. विलास उठला, घोंगडी तिथंच टाकली, गाडीला किक मारली. फाटकापर्यंत गेला असेल नसेल, आतून अनिता, त्याची बायको, धावत आली आणि तिनं मागून हाक मारली. त्यानं वळून बघितलं नाही. नाशिक रस्त्यावर चाकणच्या अलीकडं एका कंटेनरनं त्याला पाडलं तेव्हा शिफ्ट सुरू व्हायला दहा मिनिटं होती. दहाव्याच्या आत पुतळाबाईनं निकाल देऊन टाकला होता: जाताना मागून हाक मारली. निघालेल्या माणसाला मागून हाक मारतात का कधी? पांढऱ्या पायाची. भावकी माना हलवत होती. अनितानं एक शब्द उलटा काढला नाही, आणि तिच्या त्या गप राहण्यानं पुतळाबाईचं म्हणणं दगडासारखं पक्कं झालं. तेव्हापासून अनितानं देवाला हात लावायचा नाही. वावरात टॉवर आला, टॉवरात आठव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला, देव्हारा जुन्या घरातून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आला, पण तो नेम तसाच राहिला. ती भाकऱ्या करायची, भांडी घासायची, आणि देव्हाऱ्याच्या बाजूची फरशी तेवढी पुसायची नाही. आणि पुतळाबाई रोज सकाळी त्याच फरशीवर पाट टाकून, त्या परक्या डोळ्याला सांगायची: मी पाठवला. हाकेनं नाही गेला. मी बोलले म्हणून गेला.

म्हणजे कुणाला सांगितलं मी, पुतळाबाईनं बसमधून उतरताना स्वतःला विचारलं. दीड वर्ष कुणाला सांगितलं? मोज्याला?

दार करिष्मानं उघडलं. केसांना टॉवेल, दुपारच्या शिफ्टला निघायची घाई. "आजी, सुई फार दुखली का? तोंड असं का झालंय?"

पुतळाबाई चपलांसकट आत गेली. असं ती जन्मात गेली नव्हती. स्वयंपाकघरात जाऊन देव्हाऱ्यासमोर उभी राहिली. सकाळचं कुंकू डोळ्याच्या खोबणीत अजून ओलं होतं.

"ह्यो देव कुनाचा हाय?"

करिष्माचा हात टॉवेलवर थांबला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

आणि पुतळाबाईनं स्पाइन रोडपासून धरून ठेवलेला आधार तिथंच सुटला. ती ओट्याला टेकली. "एका पोरीच्या पायात बघितला. मोज्यावर. दोनावर एक फुकट." तिनं बोट देव्हाऱ्याकडं केलं. "लई हसला असाल दोघं. म्हातारीला बाहुला पुजाया लावला. देवाघरचं ज्ञान न्हाई म्हातारीला, दुसरीत शाळा सोडलेली बाई, तिला काय कळतंय. भाऊ तर जिन्यात लोळला असंल तुझा."

"तो रडला, आजी. खाली गाडीपाशी जाऊन. मला म्हणाला, तू सांगून टाक त्यांना, मला हे बघवत नाही."

"मग सांगायचं हुतंस."

करिष्मानं टॉवेल काढून खांद्यावर घेतला. ओले केस तिच्या तोंडावर आले आणि ती एकदम बारकी दिसायला लागली. "लग्नाच्या आधी दादाला कुणीतरी म्हणालं की, लेकीला आईनं अन्नपूर्णा द्यायची असते. आईच्या जागी तोच होता. त्याच्याकडं हेच होतं. मामाच्या खोलीत एक जुना टीव्ही होता, सुट्टीला आम्ही दोघं त्याच्यावर हा गेम खेळायचो. मामी बोलायला लागली की दादा म्हणायचा, चल खाली, पाण्याखाली जाऊ. पहिल्या पगारातून त्यानं हे घेतलं होतं. लग्नाच्या सकाळी मला म्हणाला, आपल्या घरातलं म्हणावं असं दुसरं काय आहे, सांग. मला पण काही सांगता आलं नाही." तिनं नाक पुसलं. "पेटी उघडली तेव्हा मी सांगणारच होते. पण तुम्ही ओटी भरली. म्हणालात, माझी सून रिकाम्या हातानं आली न्हाई. त्या सकाळपर्यंत तर तुम्ही…"

"ठाऊक हाय मी काय म्हनत हुते. मागनं का न्हाई सांगितलंस? दीड वरीस पडलं हुतं."

"मागून तुम्ही त्याच्याशी बोलायला लागलात."

पुतळाबाईला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. हल्ली तिला तसं व्हायचं. पण करिष्मा तिच्याकडं बघत नव्हती, खाली ओट्यावरच्या परातीकडं बघत होती, आणि ज्या माणसाचं आतलं बोलणं चुकून कानावर पडलेलं असतं त्याच माणसाकडं असं बघायचं टाळतात.

"तुम्हाला वाटतं हळू बोलता तुम्ही," करिष्मा म्हणाली. "कानामुळं. मी इथं डब्याची कणीक मळत असायची."

मेंदूत एक मोठी भांड्यांची मांडणी कोसळावी आणि तिचा आवाज मात्र येऊ नये, तसं झालं. पुतळाबाईनं परातीकडं बघितलं. इथं. हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर. ती पाटावर, आणि ही पाठीमागं, मुठीनं कणीक दाबत. दीड वर्ष ती ज्याला सांगत होती तो ऐकत नव्हता, आणि ऐकणारं माणूस दोन हातांवर उभं होतं, जिवंत, कान असलेलं, रोज तिच्या ताटात पोळी वाढणारं.

"किती ऐकलंस?"

"सगळं."

"इलासचं?"

"हो."

"गनराजला…"

"नाही. आईंना पण नाही." आई म्हणजे अनिता. "पण आजी, परवा आईंच्या हातून डबा सांडला तर तुम्ही पुन्हा म्हणालात, मागनं हाक मारनारी. त्या गप खाली बसून भात गोळा करत होत्या. मला तो भात बघवला नाही. तेव्हाच मी ठरवलं. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगणार."

"धमकी देतीस मला? माझ्या घरात हुबं राहून?"

"नाही. आधी सांगून ठेवते तुम्हाला, एवढंच." खालून कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. करिष्मानं ओले केस तसेच बांधले, ओळखपत्र गळ्यात घातलं, दारापर्यंत गेली आणि परत आली. "ते काढून घेऊ का देव्हाऱ्यातनं? दादाकडं देऊन टाकते."

काढ, फेक, नदीत बुडव, असं काहीतरी म्हणायला पुतळाबाईनं तोंड उघडलं. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्याला समदं ठाऊक हाय."

मग घरात कुणी नव्हतं. आठ मजले खाली कुणीतरी गाडी मागं घेत होतं, तिचा टुंई-टुंई आवाज येत होता. अनिता चौकातल्या मेसमध्ये चपात्या लाटायला जायची, ती चारला यायची. पुतळाबाईनं पाट ओढला आणि देव्हाऱ्यासमोर बसली. बसल्यावर तिच्या लक्षात आलं की पायात चपला आहेत, पण वाकायचं बळ नव्हतं. ती काय काय करू शकत होती ते तिनं एकेक करून बघितलं. करिष्मा खोटारडी आहे असं म्हणू शकत होती. गणराज बायकोच्या आणि आजीच्या मध्ये पडला असता आणि आजीकडं झुकला असता, कारण बाप गेल्यावर त्याला आजीनं वाढवलं होतं. पोरीला माहेरी पाठवू शकत होती, पण माहेर म्हणजे मामीची खोली आणि एक टीव्ही. भावकीला बोलावून हा ठसा दाखवू शकत होती: बघा, हिनं देवाच्या जागी खेळणं आणून ठेवलं, हिच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवतो. हे जमण्यासारखं होतं. हे तिला चांगलं जमलं असतं. चौदा वर्षांपूर्वी असंच जमलं होतं, दहाव्याच्या आत. तिनं डोळ्याकडं बघितलं. कुंकू सुकत चाललं होतं आणि सुकता सुकता त्याला बारीक भेगा पडत होत्या. तिला वाटलं होतं देव नाही म्हटल्यावर तो डोळा मरेल, नुसता पत्रा होईल. तसं झालं नव्हतं. तो तसाच बघत होता, आणि आता त्याला हळद-कुंकवाचीही गरज नव्हती. कोण होते ते लोक, काय नाव सांगितलं त्या पोरीनं, पाण्याखाली गेले आणि नुसते बघत राहिले. ते बघतात आणि वरच्यांना माहीतही नसतं कोण कोण बघतंय.

अनिता आली तेव्हा तिच्या कोपरापर्यंत पीठ होतं. पिशवी ओट्यावर ठेवून ती थबकली. "आत्या, चपला."

"बस हितं."

"भांडी पडल्यात."

"बस म्हनते न्हवं."

अनिता बसली, देव्हाऱ्यापासून हातभर लांब, चौदा वर्षं जिथं थांबायची तिथंच. पुतळाबाईनं तिच्याकडं बघितलं नाही. मोठ्यानं बोलायचं की हळू, हे तिला कळेना. आपला आवाज केवढा येतो यावरचा तिचा भरवसाच उडाला होता.

"इलास जात न्हवता त्या दिवशी," ती म्हणाली. "त्याला ताप हुता. म्या घालवला. तुझ्या हाकंनं न्हाई गेला. माझ्या बोलन्यानं गेला."

अनिता हातावरचं पीठ खरवडत होती. नखानं, सावकाश, मनगटापासून वर. "तुमी काय बोलला हुता?"

"बोलले काहीतरी. जीभ माझी. तुला ठाऊक हाय जीभ माझी."

"काय बोलला हुता ते म्हना."

देवाला तिनं हे शंभरदा सांगितलं होतं, पण ते वाक्य कधी म्हटलं नव्हतं. 'मी बोलले' एवढंच म्हणायची. ते वाक्य तिनं चौदा वर्षांत तोंडात घेतलं नव्हतं. "म्हनले," ती म्हणाली, "बायकोच्या पदरात तोंड घालून निजनाऱ्याला आमच्यात गडी म्हनत न्हाईत."

"आमच्या खानदानात," अनिता म्हणाली.

"काय?"

"आमच्यात न्हाई. आमच्या खानदानात, म्हनला हुता तुमी." पिठाचा एक पापुद्रा तिनं फरशीवर टाकला. "दाराच्या मागं हुते मी, काढा घिऊन. तुमचं ऐकलं, त्यांना घोंगडी टाकताना बघितलं, काढ्याचा पेला तिथंच ठिवला आन् पळत सुटले. जाऊ नका म्हनून हाक मारली. त्येच तर म्हनत हुते मी. जाऊ नका."

पंख्याची पाती फिरत होती, त्यातलं एक दर फेरीला कशाला तरी घासत होतं. पुतळाबाई ते मोजत होती.

"मग कवा बोलली न्हाईस," तिनं विचारलं. "चवदा वरसं."

"कुनाला बोलू?" अनितानं पहिल्यांदा वर बघितलं. तिच्या नजरेत राग असता तर पुतळाबाईला बरं वाटलं असतं; रागाला उत्तर देता येतं. "गनराजला बोलू? त्याला एक आजी तरी ऱ्हाऊ दे म्हनलं. आन् तुमाला काय सांगायचं हुतं? तुमाला तर ठाऊकच हुतं."

ती उठली. मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, पदराला पुसले, आणि परत येऊन पुतळाबाईच्या अगदी जवळ उभी राहिली, इतकी की पाटाला तिचा पाय लागला.

"सरका."

पुतळाबाईला आधी कळलं नाही. मग ती पाटावरून फरशीवर सरकली, दुखरा गुडघा दोन्ही हातांनी उचलून. तिला हात द्यायला अनिता वाकली नाही. तिनं पाट आपल्याकडं ओढला, बसली, तांब्यातलं पाणी ताम्हनात ओतलं, आणि भर दुपारी चार वाजता, पारोशा अंगानं, घरचे देव एकेक करून खाली उतरवायला लागली. खंडोबा, म्हाळसा, भैरवनाथ. एरवी या एका गोष्टीत दहा चुका काढल्या असत्या असं तोंड पुतळाबाईकडं होतं. ते मिटलेलं राहिलं. अनितानं प्रत्येक टाक अंगठ्यानं चोळला, पाठ चोळली, पुसून पुन्हा जागेवर उभा केला. शेवटी तिनं तो ठसा उचलला. डोळ्याच्या खोबणीतलं वाळलेलं कुंकू पाण्यात मोकळं झालं आणि ताम्हनात पसरलं.

"हे करिष्माच्या माहेरचं," पुतळाबाई म्हणाली.

"ते हाय ठाऊक. कुनाच्या शेजारी ठिवायचं, ते सांगा."

पुतळाबाईनं देव्हाऱ्याकडं बघितलं. प्रत्येक देवाची जागा तिनं ठरवलेली होती, सासूच्या वेळच्या जागाही तिनं बदलल्या होत्या.

"तू ठिवशील तिथं," ती म्हणाली.